हळदीत नाचायचं म्हणून साडी बदलायची कशाला?

उदगीरची लेक
गेल्या महिन्यात लातूरला चुलत बहिणीचं लग्न झालं. हळदीला आम्ही सगळ्या साडीत होतो. संध्याकाळी बेंजो सुरू झाला अन् अर्ध्या पोरी खोलीत जाऊन ड्रेस घालून आल्या, दोन वहिन्यासुद्धा. "साडीत नाचताच येत नाही" म्हणे. मला हे पटत नाही.

माझी आजी इरकलचं लुगडं कासोटा घालून नेसायची. कापूस वेचायला त्यातच, पंचमीच्या फेरालाही त्यातच. कासोट्यानं दोन्ही पाय मोकळे राहतात. सहावारीत मात्र पहिला वेढाच ठरवतो की पाय किती फाकणार. आपण पाय जुळवून उभ्या राहतो, वेढा गच्च घेतो, मग एक ढांग टाकली की साडी पायात येते. मी पाय खांद्याएवढे फाकवून उभी राहते अन् मग पहिला वेढा घेते. निऱ्या पाच-सहाच, पण रुंद. घोट्याच्या दोन बोटं वर. परकर सुती, घेराचा. सॅटिनच्या परकरावरून साडी घसरतेच. पदर खांद्यावर पिन करून पुढून आणायचा अन् कमरेला खोचायचा. त्या दिवशी मी दीड तास नाचले, निरीसुद्धा हलली नाही. दोष साडीचा नाही, नेसण्याचा आहे.

परभणीची मावशी
बाई गं, तुझं कौतुक आहे, पण सगळ्यांना एका मापात बसवू नकोस. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो अन् लग्नं नेमकी तेव्हाच. अंगावर जरीची साडी, आत परकर, वर मांडवाची गर्मी. नाचायचं का साडी सांभाळायची?

अन् पिनांचं सांगते. लेकीच्या लग्नात पैठणी नेसले होते. निऱ्यांची पिन आतून परकराला लावून दिली होती. नाचताना पाय मागं टाकला अन् टर्रकन आवाज आला. काठाजवळ चार बोटं फाटली. रफू केलं, पण ती साडी घडी उघडली की आधी तिथंच नजर जाते. त्या दिवसापासून मी नाचायचं म्हटलं की पंजाबी ड्रेस घालते अन् मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

उदगीरची लेक
मावशी, वाचून जीव कळवळला. निऱ्यांची पिन परकराला कधीच लावायची नाही, निऱ्या आपापसात धरायच्या अन् खोचायच्या. रेशमात पिनेखाली कापडाचा तुकडा घ्यायचा. पैठणीत नाचा असं मी म्हणत नाही. पण उन्हासाठी सुती साडी आहेच की. नारायणपेठ आहे, इरकल आहे. नांदेड-देगलूरकडं नारायणपेठ नेसून बाया दिवसभर राबतात.

अंबाजोगाईची नृत्यशिक्षिका
शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी तीस-चाळीस मुलींना मी नऊवारीत उभी करते. शिवलेली नऊवारी, आत विजार, कमरेला नाडी. दोन मिनिटांत चढते. त्यावर एका पालकांनी मला "ही खरी साडी नव्हे" असं ऐकवलं. मला ते फार लागलं. भरतनाट्यमचा शिवलेला पोशाख रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३० च्या दशकात रुजवला, त्याआधी त्या नर्तकी साडीच नेसत. म्हणून आज कोणी ते नृत्य खोटं म्हणतं का? नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, नवशिक्या मुलीनं ते पंधरा मिनिटांत कसं सावरायचं?

पण लेकीचं एक म्हणणं खरं आहे. सराव साडीतच करा. ड्रेसमध्ये महिनाभर शिकायचं अन् कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा साडी, मग गिरकी घेताना पोरी एका हातानं निऱ्या धरतात. तो हात मग नाचत नाही.

हिंगोलीचा भाऊ
साडी जुनी आहे, मान्य. पण लेकी-सुनांनी असं चारचौघांत नाचणं आपल्याकडं जुनं नाही. त्याचा आधी विचार करा.

तुळजापूरची अक्का
भाऊ, नवरात्रात आमच्या गावी या. देवीच्या भक्तांच्या, आराध्यांच्या मेळ्यात बाया लुगड्यातच नाचायलेत, संबळ वाजला की सत्तरीची म्हातारीसुद्धा ठेका धरते. फुगडी बघा. ओचा वर खोचलेला, पायाची बोटं एकमेकींना भिडलेली, अंग मागं झोकून दिलेलं. साडीत नाचता येतं का, हा प्रश्न आमच्या आज्यांना कधी पडलाच नाही.

नांदेडची वहिनी
अक्का, फुगडी बायकाबायकांत होती. हीच गोष्ट कुणी बोलंना. ड्रेस घालून आलेल्या त्या दोन वहिन्यांसारखीच मीही एक. मला साडी जड होत नाही, मी रोज साडीत स्कूटी चालवते. पण हळदीत समोर दहा मोबाईल असतात. पदर जरा सरकला, पोट दिसलं की ते सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर. मागच्या वर्षी माझ्या जावेचा असाच व्हिडिओ फिरला, तिनं सहा महिने कुठल्याच कार्यात पाय टाकला नाही. रुंद निऱ्यांनी हे सुटत नाही. ड्रेसात निदान हात वर करताना धाक नसतो.

बीडची सिस्टर
एक कामाचं. साडी सुटू नये म्हणून परकराची नाडी कचकचून आवळू नका. २०२४ मध्ये वर्धा अन् बिहारच्या डॉक्टरांनी दोन बायकांची नोंद बीएमजे केस रिपोर्ट्स या डॉक्टरी नियतकालिकात छापली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काच बसून जखम झाली, भरली नाही, पुढं त्वचेचा कॅन्सर निघाला. त्यातली एक परकराशिवाय लुगडं नेसणारी होती, म्हणून जुनी पद्धत म्हणजे निर्धोक असं समजू नका. नाडीऐवजी रुंद पट्टा घ्या. कमरेवर काळा पट्टा, खाज, चर दिसला की दाखवून घ्या.

उदगीरची लेक
वहिनी, मी निऱ्यांतच अडकले होते, तुमचं ध्यानातच आलं नाही. दोष नेसण्याचा आहे म्हणाले, ते त्या दोघींच्या बाबतीत चुकलं. पण साडी सोडावी लागणं याचं मला अजून वाईट वाटतं. सोडायचा तो मोबाईल सोडावा. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडं धाकटीची हळद आहे. मोबाईल ओसरीवरच्या टोपलीत ठेवा म्हणून मी स्वतः दारात उभी राहून सांगणार, मामांनासुद्धा. अन् वहिन्यांना आधीच विचारणार, मग साडीत राहता का म्हणून. परभणीच्या मावशी, तुम्हालाही आवतन.

परभणीची मावशी
येते. ड्रेसातच येते, पण तुझ्याबरोबर फुगडी घालते.