माझ्या शेतातील बोअरचे पाणी माझे की गावाचे?

प्रश्न : औसा तालुक्यातील शेतकरी

माझी सहा एकर जमीन आहे. चार वर्षांपूर्वी कर्ज काढून बोअर घेतले. पहिली दोन कोरडी गेली आणि तिसऱ्याला सव्वातीनशे फुटांवर पाणी लागले. त्यावर दोन एकर ऊस उभा आहे. यंदा फेब्रुवारीतच गावाच्या विहिरीने तळ गाठला आणि माझे बोअर अधिग्रहित करावे, असा ठराव ग्रामसभेत झाला. अधिग्रहणाचा मोबदला मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. दोन बोअरचे पैसे मातीत गेले तेव्हा तो तोटा माझ्या एकट्याचा होता. मग पाणी लागल्यावर ते सर्वांचे कसे होते, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर : काळा दगड

कायद्याची जुनी बाजू तुमच्याकडे आहे. जमिनीखाली झिरपणारे पाणी जमीनमालकाने उपसावे, ही मुभा 1882 च्या सुखाधिकार कायद्यात आहे. परंतु तो काळ मोटेचा होता आणि बैल थकले की उपसा आपोआप थांबत असे. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरहून खोल, म्हणजे साधारण दोनशे फुटांपलीकडच्या विहिरींवर निर्बंध आणले. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे तर 1993 पासूनच आहे. (गावोगाव हे कितपत पाळले जाते, ते आपण सारे जाणतो.) आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते, आणि त्या भेगा बांध पाहून थांबत नाहीत. तुमच्या बोअरला लागलेले पाणी तुमच्याच सहा एकरांवर पडलेल्या पावसाचे आहे, असे कोणालाही सांगता येणार नाही.

उत्तर : हंडा

आमच्या घरात सातबारा कधीच नव्हता, म्हणून हा प्रश्न मी उलट्या टोकाकडून वाचते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवला की ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही, आणि जमीन कोणाकडे का नाही याचा इतिहास मराठवाड्यात सांगावा लागू नये. महाडला 1927 साली तळ्यावर जात आडवी आली होती. आज तेच काम सातबारा गाजावाजा न करता करतो. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी ठरवला, भूमिहीनांनाही त्यात धरले आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असा नियम केला. तोटा एकट्याचा होता, असे आपण लिहिता. परंतु त्या उसाची खुरपणी करणाऱ्या बायका दुपारी हंडे घेऊन त्याच कोरड्या विहिरीवर जातात, हेही हिशेबात धरावे.

उत्तर : बार्शी रोड

मला वरील दोन्ही उत्तरे अर्धीच पटली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा शहरातल्या कोणत्याही एका घराला त्याचा खर्च मागितला गेला नव्हता. खेड्यात मात्र टंचाईचा भार ज्याच्या बोअरला पाणी आहे त्या एकावर टाकून बाकीचे मोकळे होतात. शेतकरी उसाकडे वळतो, कारण त्याला किमान दर ठरलेला असतो. सोयाबीन हमीभावाने विकले जाईल याची खात्री कोण देतो? पिण्याचे पाणी आधी, याबद्दल वाद नाही. मात्र उभा ऊस वाळला, तर त्या नुकसानीत अधिग्रहणाच्या मोबदल्यापलीकडे गावाचा वाटा किती, हे त्याच ग्रामसभेत ठरायला हवे होते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बोअर घेताना अंतर मोजण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. आज सकाळी विहिरीपर्यंत पावले मोजत गेलो. पाचशे मीटर भरत नाही. बोअर गावाला देत आहे आणि ऊस तुटल्यावर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ठेवणार नाही. नुकसानीचा विषय मात्र पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. माणशी वाट्याची गोष्ट मला अजून पचलेली नाही. कर्जाचा हप्ताही माणशी वाटला जाणार आहे का, हे 'हंडा' यांनी सांगावे.