मुशीच्या मेंदूत गाबा कशाला हवं?

कोपरीकर
भाचा बीएस्सीला झूलॉजी करतोय, त्याच्या नोट्स चाळत होतो तर त्यात लिहिलंय की शार्कच्या मेंदूत गाबा बनवणाऱ्या पेशी भरपूर असतात. मला गाबा माहितीये ते मेडिकलमधल्या डब्यावरचं, 'मन शांत, झोप छान' वगैरे. आता मुशी म्हणजे आपला छोटा शार्कच, ती काय शांत बसणारी आहे का, तिला कशाला लागतंय हे? भाच्याला विचारलं तर म्हणे मामा, ते परीक्षेला येत नाही. आणि खाडीतल्या बोईट, निवटी ह्या माशांतपण असतं का?

खाडीवाली_ऐरोली
दादा, आधी तो डबा विसरा. गाबा म्हणजे एका पेशीने दुसरीला दिलेला 'तू आत्ता गप्प' एवढाच निरोप. समोरच्या पेशीवरचं दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी पेटायला, म्हणजे पुढे सिग्नल पाठवायला, अवघड होते, बस. त्याने अख्खा प्राणी शांत होतो असं अजिबात नाही, उलट मुशीला शिकार सापडते ती ह्याच्याच जोरावर.

तिच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात बघा, बाजारात मुशी घेताना नाकाडावर अंगठा दाबला तर त्यातून जेलीसारखं येतं. ते विजेचे सेन्सर. वाळूत पुरून बसलेला चपटा मासा नुसता श्वास घेतो तेव्हा जी किंचित वीज तयार होते ती कॅटशार्कला (शार्कची एक छोटी जात) कळते, हे काल्माइन नावाच्या संशोधकाने १९७१ मध्ये दाखवलं. पण भानगड अशी की मुशी स्वतःपण श्वास घेते, तिच्या कल्ल्यांची वीज तिच्याच सेन्सरवर आदळत राहते आणि ती शिकारीच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी. घरातल्या फ्रिजची घरघर आपल्याला ऐकू येईनाशी होते ना, तसं तिच्या मेंदूला हे वजा करावं लागतं. मेंदूच्या मागच्या भागात ह्यासाठी एक केंद्रच आहे. स्वतःच्या श्वासाची वीज सगळ्या सेन्सरवर साधारण सारखीच पडते, शिकारीची मात्र एखाद्याच कोपऱ्यावर, म्हणून जे सगळीकडे सारखं ते गप्प करणाऱ्या पेशी दाबून टाकतात आणि उरतं ते शिकारीचं. शिवाय श्वासाची लय बदलली की ते केंद्र नवीन लयपण शिकून घेतं!! माँटगोमेरी आणि बॉडझ्निक ह्यांचं काम आहे ह्यावर, मला तरी शार्कच्या दातांपेक्षा हे भारी वाटतं.

सह्याद्रीचा_वेल
बोईट-निवटीचं उत्तर जंगलातच आहे. काकमारीचा वेल ऐकलाय का? त्याची फळं कुटून पाण्यात टाकायचे पूर्वी, मासे गुंगून वर यायचे. त्यातलं पिक्रोटॉक्सिन नेमकं गाबाचं तेच क्लोराइडचं दार बंद करतं. म्हणजे माशाच्या मेंदूत गाबाचा कारभार नसता तर हे विष चाललंच नसतं. (माणसालाही घातक आहे, कोणी प्रयोग करू नका रे.) आणि गाबा एकटंच नाही, ग्लायसीनपण तेच काम करतं, जास्त करून मज्जारज्जूत आणि मेंदूच्या मागच्या भागात. त्याच्यावर घाव घालणारं विष कुचल्याच्या बियांत, स्ट्रिक्निन.

घणसोली_लॅब
वेलदादांना जोड. गोल्डफिशच्या टाकीवर टिचकी मारा, मासा क्षणात एका बाजूला वाकून सटकतो. ह्यासाठी डावी-उजवी अशी मोठ्या पेशींची एकच जोडी असते, माउथनर पेशी. एक पेटली की दुसरीला लगेच दाबलं जातं, मुख्यतः ग्लायसीनने, नाहीतर दोन्ही बाजूचे स्नायू एकदम आखडले असते आणि मासा जागीच!

भाच्याला एक सांगा, हे परीक्षेत येवो न येवो. कॅटशार्कच्या भ्रूणात गाबाच्या पेशी पुढच्या मेंदूच्या खालच्या भागात जन्मतात आणि तिथून सरकत सरकत वरच्या भागात जातात, स्पेनच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. उंदरात आणि माणसातही हाच प्रवास. शार्कचा आणि आपला पूर्वज ४० कोटी वर्षांपेक्षा आधी वेगळा झालाय, म्हणजे ही वाट किती जुनी असेल बघा.

कोपरीकर
बापरे. म्हणजे मुशीचं कालवण खाल्लं की झोप लागते ते गाबामुळे का 😄

खाडीवाली_ऐरोली
ती भातामुळे लागते दादा. खाल्लेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं जातच नाही, त्या डब्याबद्दलपण हेच.

कोपरीकर
भाचा आता जागा झालाय, विचारतो दिवाळे गावच्या कोळणीकडून मुशीचं डोकं आणलं तर कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ह्या पेशी दिसतील का?

घणसोली_लॅब
मेंदू दिसेल, कवटी कूर्चेची असते, साध्या सुरीने कापली जाते. पण बर्फातल्या मुशीचा मेंदू तोवर मऊ झालेला असतो, पेशी बघायच्या तर मेल्या मेल्या फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. आणि गाबाची पेशी नुसती बघून ओळखता येत नाही, गाबावर किंवा ते बनवणाऱ्या जीएडी एन्झाइमवर चिकटणारी अँटिबॉडी लावावी लागते, मग त्या तपकिरी दिसतात. ती महाग असते, सरांना विचार आधी. विजेच्या सेन्सरची छिद्रं मात्र त्याच डोक्यावर भिंगाने मस्त दिसतील, नाकाच्या खालच्या बाजूने सुरुवात कर.