स्वतःच्याच समाजावरील उपहास आणि हसणारा प्रेक्षक

(एका चर्चापीठावरील संवाद; झाकोळ, तळटीप, मुक्काम पोस्ट आणि आडोसा ही सदस्यांची टोपणनावे.)

झाकोळ (प्रश्न)
कृष्णवर्णीय कलाकाराने कृष्णवर्णीयांवर केलेला विनोद आणि गोऱ्या कलाकाराने केलेला तोच विनोद एका मापाने मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कृष्णवर्णीय अमेरिकी विनोदकार डेव्ह चॅपेल यांनी २००५ मध्ये, सुमारे ५ कोटी डॉलरचा करार हाती असताना, गाजत असलेला आपला दूरचित्रवाणी कार्यक्रम अर्धवट सोडून दक्षिण आफ्रिका गाठली, त्याचा अर्थ कसा लावायचा? कलाकार त्याच समाजातला, कार्यक्रमाला नावही त्याचेच. मग अडले कुठे?

तळटीप
अडले ते प्रेक्षकाच्या हसण्याशी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे मिन्स्ट्रेल खेळ करत. चॅपेल यांनी तोच वेष स्वतः चढवून एका प्रहसनात चिमुकल्या, कान भरणाऱ्या पात्राची भूमिका केली. हेतू अर्थातच त्या खेळांचा उपहास करण्याचा होता. मात्र चित्रीकरणाच्या वेळी एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, त्याने आपण अस्वस्थ झालो, असे त्यांनी २००६ मध्ये ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात सांगितले.

याच मालिकेच्या २००३ मधील पहिल्या भागात एक आंधळा कृष्णवर्णीय, स्वतःचा वर्णच ठाऊक नसल्यामुळे, गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा पुढारी झालेला दाखवला आहे. तिथे हसायचे ते वंशद्वेषाच्या मूर्खपणाला, याविषयी फारसा संशय उरत नाही. काजळीच्या वेषात मात्र जुनी प्रतिमाच पुन्हा उभी करावी लागते, आणि ती ज्यांना मुळातच आवडते त्यांचे उपहास न कळताही काही अडत नाही.

मुक्काम पोस्ट
दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकी विनोदकार ख्रिस रॉक यांचेही असेच झाले. १९९६ मधील त्यांच्या प्रयोगात कृष्णवर्णीयांमध्येच दोन गट पाडून त्यांतील एकावर तुटून पडणारा भाग होता. त्यानेच त्यांचे नाव झाले. पुढे वंशद्वेषी लोक त्याला कृष्णवर्णीयांना हिणवण्याचा परवाना समजू लागले, म्हणून त्यांनी तो करणे थांबवले. त्याआधी त्यांच्याच समाजातील विनोदकार रिचर्ड प्रायर यांनी १९७९ मधील केनियाच्या प्रवासानंतर कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी रंगमंचावर वापरणे सोडले होते. त्यामुळे कलाकार आतला आहे एवढ्यावर निकाल लागत नाही, असे माझे मत झाले आहे.

आडोसा
चॅपेल यांच्याविषयीचा हा आदर मला थोडा एकांगी वाटतो. २०२१ च्या त्यांच्या नेटफ्लिक्सवरील प्रयोगात ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या) व्यक्तींवरील विनोदाचा मोठा भाग आहे आणि त्याच्या समर्थनार्थ ते आपल्या दिवंगत ट्रान्स विनोदकार मैत्रिणीचा दाखला देतात. एका व्यक्तीच्या संमतीवर साऱ्या समाजाची मुखत्यारी कशी मिळते? त्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सच्या काही कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध केला. स्वतःच्या समाजाबाबत एका माणसाचे हसणे इतके बारकाईने ऐकणाऱ्या कलाकाराने इतरांच्या बाबतीतही तसाच कान ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

तळटीप
अपेक्षा रास्त आहे. फक्त एक भर: ट्रान्स समाजातील मते त्या वेळीही एकसारखी नव्हती, आणि दिवंगत कलावतीच्या कुटुंबीयांनी चॅपेल यांची बाजू घेतली होती. त्याने मुखत्यारीचा आक्षेप मात्र खोडला जात नाही.