गॅदरिंगचा 'मँडिलियन' ऐकलाय का?

गॉथिक मेटलमध्ये, म्हणजे उदास, काळोख्या वळणाच्या जड रॉक संगीतात, बाईचा आवाज म्हणजे पुरुषाच्या गुरगुरण्याला लावलेली झालर, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. द गॅदरिंग या डच बँडचा १९९५ चा 'मँडिलियन' ऐका. अ‍ॅनेके व्हान गिअर्सबर्गनचा त्यांच्यासोबतचा हा पहिलाच अल्बम, आणि त्यात गुरगुरणं औषधालाही नाही. गिटार 'डूम' या मेटलच्या प्रकारासारख्या जड, संथ. वर तिचा मोकळा, भरदार आवाज. कुठेही नाजूकपणाचं सोंग नाही.

जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी आम्हा कोल्हापूरकरांच्या कानात मुरलेली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा खुला आकार ज्यांनी मन लावून ऐकलाय, त्यांना अ‍ॅनेके परकी वाटणार नाही. संगीत पूर्ण वेगळं आहे, मान्य. पण आवाज न चोरता सूर लावायची हिंमत तीच.

'सँड अँड मर्क्युरी' तर जवळजवळ दहा मिनिटांचं. बराच वेळ नुसती वाद्यंच चालतात, मग ती येते आणि गाणं एकदम निवळतं. माझ्या मते अख्ख्या अल्बमची ताकद तिथे आहे. सुरुवात मात्र 'स्ट्रेंज मशीन्स'पासून करा, आणि कृपया हेडफोन लावून. मोबाईलच्या स्पीकरवर खर्जाचा पार जीव जातो.