कॅम्पर व्हॅन आणि फेरीबोट : ओहोटी सांभाळा

कोकणात फेरीबोटीने गेलं की वळसा वाचतो आणि कॅम्पर व्हॅनही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) सहज चढते, असं म्हणतात. पहिलं अगदी खरं, दुसरं मात्र पाण्यावर अवलंबून. आम्ही दोघं पन्नाशीतले, व्हॅन घेऊन चारच महिने झालेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तर ऐन ओहोटी. बोटीची गाड्या चढवायची फळी खोल गेलेली, आणि आमच्या व्हॅनचा मागच्या चाकांपलीकडचा भाग लांब. मी उतरून मागे उभी राहिले, हे वीत वीत गाडी पुढे घेत होते, तरी सांडपाण्याच्या टाकीचा नळ उतारावर घासलाच. त्याचा तो कर्रर्र आवाज अजून कानात आहे.

तिथल्याच एका काकांनी हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, चतुर्थीला तीन. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, पाणी फार खाली जात नाही. आता आम्ही दोन रात्रींची सहलसुद्धा कालनिर्णय बघूनच ठरवतो.