माहेरी राहून सासरकडच्या ठाण्यातून तक्रारीची कॉपी कशी काढायची?

परभणीची लेक:
ताईंनो दादांनो, कुणाला माहीत असंल तर सांगा. माझं सासर बीड जिल्ह्यात, माहेर परभणीकडं. दिवाळीच्या आधी नवऱ्यानं अन् दिरानं लई मारलं, मनगट इतकं सुजलं की दवाखान्यात बांगडी कापून काढावी लागली. तशीच ठाण्यात गेले, त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली अन् एक चिठ्ठी दिली, तिच्यावर नुसतं एनसी अन् नंबर आहे. मग महिला कक्षात पाठवलं, तिथं दोन्हीकडच्यांना बसवून समजूत काढायलेत, नांदायला जा म्हणायलेत. मी लेकरू घेऊन माहेरी आले. आता वकील म्हणतात तक्रारीची कॉपी आणा. भाऊ गेला तर त्याला म्हणले जिनं तक्रार दिली तिलाच पाठवा. ठाणं स्टँडपाशी आहे अन् दिराची रिक्षा तिथंच लागते, मला जायची हिंमत होईना. कॉपीला पैसे लागतात का? पोस्टानं देतात का? अन् कॉपी नसंल तर केस होतच नाही का?

काळा कोट लातूर:
ताई, आधी तुमच्याकडं काय आहे ते बघू. एनसी म्हणजे अदखलपात्र, एफआयआर नाही. एनसीत कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणून पुढं काही हललं नाही. पण नवऱ्यानं अन् सासरच्यांनी केलेला छळ हा कलम ८५ चा दखलपात्र गुन्हा आहे (जुनं ४९८ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५). मारहाण किती झाली, पैसे मागत होते का, आधी कधी कधी मारलं, हे सगळं सविस्तर लिहून एफआयआर मागा. ती परभणीतच देता येते, त्यासाठी सासरी जायची गरज नाही. छळामुळं बाई जिथं आसऱ्याला आली तिथंही ४९८ अ ची केस चालते असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. ठाण्यानं हद्द नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर घ्या म्हणावं, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवून घ्यायची अन् मग हद्दीतल्या ठाण्याला पाठवायची. तरी नोंदवून घेईनात तर एसपींना लेखी पोस्टानं पाठवा.

एफआयआर झाली की तिची कॉपी तक्रारदाराला किंवा पीडितेला लगेच अन् फुकट द्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ मध्येच लिहिलंय. एक रुपया देऊ नका.

जालना ०७:
माहिती अधिकारात टाका ना, दहा रुपयात होतं.

काळा कोट लातूर:
दादा, त्यात तीस दिवस जातात अन् तपास चालू आहे म्हणून नकारही देता येतो. ताईंनी थेट ठाणे अंमलदाराच्या नावानं साधा अर्ज करावा, चिठ्ठीवरचा एनसी नंबर, तारीख लिहून नक्कल मागावी, चिठ्ठीची अन् आधारची झेरॉक्स जोडावी अन् स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवावी. भावाला पाठवायचं असंल तर सहीचं अधिकारपत्र द्या अन् त्यानं दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नये. तोंडी मागितलेलं कुठंच राहत नाही.

आशाताई हिंगोली:
बाई माझे, कॉपीसाठी केस अडवून ठेवू नको. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे ना, त्याला एफआयआर लागत नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जा, ते तुझं सगळं ऐकून घटनेचा अहवाल भरतात अन् तो कोर्टात जातो. तू आत्ता राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज होतो. पोटगी, लेकराचा ताबा, नवऱ्यानं जवळ येऊ नये असा हुकूम, सगळं त्यातच मागता येतं. वकिलाची फी जड वाटत असंल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला कमाई कितीही असली तरी वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन कर. अन् ज्या दवाखान्यात बांगडी कापली तिथला केसपेपर आधी हातात घे, तिथं मार कसा लागला ते लिहिलेलं असतं, डॉक्टरला तू काय सांगितलं होतं ते बघ. आमच्याकडच्या बाया भीतीनं "पडले" सांगतात.

परभणीची लेक:
मी नवऱ्यानं मारलं म्हणूनच सांगितलं होतं. केसपेपर आईजवळ आहे. समजूत काढायच्या तारखेला नाही गेले तर माझ्याच विरोधात जाईल का?

काळा कोट लातूर:
नाही. समेट करायची सक्ती कुणी करू शकत नाही. नांदायला जायचं नाही, तक्रारीवर कारवाई करा, असं लेखी कळवा अन् त्याचीही पोच ठेवा. एक गोष्ट जपा, तुमच्या एफआयआरमधला पत्ता आरोपीला दिसतो, माहेर सोडून मावशीकडं वगैरे राहात असाल तर तो पत्ता देण्याआधी वकिलाशी बोला. अन् कुणी दारात आलंच तर ११२ लावा.

आशाताई हिंगोली:
मोबाईलचा पासवर्डही बदल, अन् जीमेल नवऱ्याच्या फोनमध्ये चालू असंल तर आजच बंद कर. संरक्षण अधिकाऱ्याकडं जाताना आईला संगं ने, अन् केसपेपरच्या दोन झेरॉक्स काढून ठेव.