कूर्चेच्या पट्ट्या: एकाच सांध्यात ताठरपणा दुप्पट कसा?

कृष्णाकाठ, सांगली:
मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या गुडघ्यातली, मांडीच्या हाडावरची कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत, लवचिक आवरण) कापून ताणतोय. दोन पट्ट्यांच्या ताठरपणात दुपटीचा फरक येतो. यंत्र बिघडलंय का?

मिरजकर:
यंत्र नाही, दिशा. वरच्या पातळ थरात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू पृष्ठभागाला समांतर, बहुतेक एकाच रोखाने. मधल्या थरात विस्कटलेले, तळाशी हाडावर उभे. कापण्याआधी रोख शोधा. गोल टोकाची सुई काळ्या शाईत बुडवून २-३ मिमीवर टोचत जा. भोक गोल राहत नाही, चीर पडते; तोच तंतूंचा रोख. युक्ती शरीररचनाशास्त्रज्ञ हुल्टक्रांट्झची, १८९८ ची, अजून चालते. टाक्यांची तिकोनी सुई मात्र नको, ती स्वतःच्या धारेनेच चीर पाडते आणि नकाशा फसतो.

माहुली:
चिरेला समांतर पट्टी ताठ, आडवी मऊ. पण खोलीही नोंदवा. एक पट्टी वरची, दुसरी मधली असेल तर तुलना व्यर्थ.

कृष्णाकाठ:
दाबून मोजलं तर?

मिरजकर:
दाबात ताठरपणा साधारण ०.५-१ मेगापास्कल (ताठरपणा मोजायचं एकक), ताणात कित्येक पट जास्त. दाब पाणी आणि प्रोटिओग्लायकन (पाणी धरून ठेवणारे प्रथिन-शर्करेचे रेणू) पेलतात. सावकाश दाबा, घाई केली तर पाणी अडकून आकडा फुगतो. पट्टी ०.९ टक्के सलाईनमध्येच ठेवा, सुकली की ती चामड्यासारखी होते.